उब्बस म्हणजे दमा नव्हे

प्रथम तारखा, आणि प्रत्येक तारखेसमोर जबाबदार व्यक्ती.

संक्रांतीनंतरचा पहिला मंगळवार. शिवाजीनगरच्या (पुण्याच्या नव्हे, आमच्या या कन्नड मुलखातल्या गावच्या) बसस्थानकामागील एका दवाखान्यात एका डॉक्टरने माझ्या नातीला हातही न लावता, ती समुद्राखाली काम करण्याचे प्रशिक्षण घेण्यास शरीराने पात्र आहे, असे लिहून सही केली. जबाबदार: सदर डॉक्टर.

त्याच आठवड्यातील गुरुवार. व्हाइटफील्डमधील एका स्कूबा प्रशिक्षण केंद्राच्या मुख्य प्रशिक्षकाने ते प्रमाणपत्र स्वीकारले आणि मागचे पान उलटले नाही. जबाबदार: सदर प्रशिक्षक, तसेच त्या केंद्राचा मालक, ज्याचे तोंड मला अद्याप पाहायला मिळालेले नाही.

त्यानंतरचा रविवार. वरील कागदाच्या आधारे तिला पाण्याच्या तळाशी उतरवण्यात आले. जबाबदार: वरीलप्रमाणे.

आणि सत्तावीस वर्षांपूर्वीचा एक मार्गशीर्ष. चिकपेटेमागच्या आमच्या घरात लग्नाची बोलणी चालू असताना विचारल्या गेलेल्या एका साध्या प्रश्नाला, कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असे उत्तर देण्यात आले. जबाबदार: मी.

ही मांडणी वाचून कोणाला हसू आले तर माझा नाइलाज आहे. मी दिवाणी न्यायालयात बत्तीस वर्षे नोकरी केली आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. न्यायालयात दाखल होणारा प्रत्येक कागद तपासायचा आणि त्यात त्रुटी असेल तर न्यायाधीशांपुढे जाण्याआधीच तो परत करायचा, हे माझे काम होते. निवृत्तीनंतर मी पत्रे लिहितो: पाणीपुरवठ्याला, महानगरपालिकेला, वर्तमानपत्रांना. उत्तरे येत नाहीत. पोच येते, ती मी जपून ठेवतो. आजवरचे प्रत्येक पत्र मी संतापाने लिहिले. हे लिहितानाही संताप आहेच, पण त्याच्या खाली जे आहे ते लपवून ठेवण्यात आता अर्थ नाही. मी घाबरलो होतो. अजून घाबरलेला आहे.

माझी नात चोवीस वर्षांची. अभियंता झाली, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत दोन वर्षे नोकरी केली आणि गेल्या दिवाळीत ती सोडून दिली. तिला पाणबुड्याचे काम करायचे होते. पर्यटकांना हात धरून मासे दाखवणारी नव्हे. बंदराच्या भिंती, जहाजांचे तळ, पाण्याखालचे पाइप तपासणारी, पुढे इतरांना शिकवणारी, पोटापाण्यासाठी पाण्यात उतरणारी. समुद्र नसलेल्या या गावात हे खूळ तिच्या डोक्यात कसे आले हे मला आजही सांगता येणार नाही.

"आपल्या घराण्यात आजवर पाण्यात उतरला तो फक्त गणपती," मी तिला म्हणालो होतो, "आणि तोही परत आला नाही."

"अज्जा, तुम्ही समुद्र बघितलाय का कधी?"

"बघितलाय. बाहेरून."

"सरी, बरं तर. मी आतून बघून येते आणि तुम्हाला लेखी अहवाल देते. दोन प्रतींत."

आमच्याकडे आजोबांना अज्जा म्हणतात. मी तिला अक्का म्हणतो. चार वर्षांची असल्यापासून ती घरावर थोरल्या बहिणीसारखा हुकूम चालवते, म्हणून.

डॉक्टरकडे जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, तिने तो फॉर्म तिंडीच्या, म्हणजे न्याहारीच्या, टेबलावर, चटणीच्या वाटीजवळ ठेवला. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीचा आनंद होता. येत्या रविवारी पोहण्याच्या तलावात शेवटचा सराव आणि बुधवारी सकाळी सगळी तुकडी किनाऱ्यावर रवाना, असा कार्यक्रम तिने सांगितला. मी सवयीने कागद उलटला. बत्तीस वर्षांत मी एवढेच शिकलो की कागदाचे पुढचे पान पक्षकारासाठी असते आणि मागचे पान खरे असते.

मागच्या पानावर डॉक्टरने भरायचे रकाने होते. कानांचे पडदे. नाक दाबून कान मोकळे करता येतात का. छातीचे आवाज. नळीत जोराने फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजण्याची चाचणी. श्रमानंतरचा श्वास. हृदयाचा आलेख. रकाने चांगले होते. ज्याने कोणी ते आखले त्याला पाण्याखाली माणसाचे काय होते हे ठाऊक होते. मात्र त्यांपैकी एकही भरलेला नव्हता. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक लांब तिरकी रेघ ओढलेली होती आणि रेघेवर इंग्रजीत लिहिले होते: नॉर्मल.

न्यायालयात कोऱ्या जागेवर अशी तिरकी रेघ आम्ही रोज मारत असू. नंतर कोणी त्या जागेत काही घुसडू नये म्हणून ती असते. त्या रेघेचा अर्थ एकच: येथे काहीही लिहिलेले नाही. तीच रेघ या गृहस्थाने, येथे सर्व काही ठीक आहे, या अर्थाने ओढली होती.

"अक्का, त्याने तुझ्या कानात पाहिले?"

"नाही."

"फुंकायला लावले?"

"कशाला? वाढदिवस होता का माझा?"

"छातीला नळी लावली?"

"अज्जा, त्याच्या गळ्यात नळी होती. छान दिसत होती." ती हसली. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "आई, अज्जांना उब्बस आली बघ. आता डॉक्टरला पत्र जाणार."

आतून माझी सूनही हसली. मी पुढचे पान पाहिले आणि हसण्याचा माझा भाग राहून गेला.

पुढचे पान नातीने स्वतः भरायचे होते. त्यावरील एक प्रश्न असा होता: आपणांस आजवर कधीही, बालपणी धरून, दमा झाला आहे काय? त्यापुढे तिच्या सरळ, स्वच्छ अक्षरात होते: नाही.

ती खोटे बोलली नव्हती. हे मी ठासून सांगतो, कारण पुढे तिच्यावर तो आरोप झाला. तो प्रश्न तिला विचारला गेला तेव्हा तिच्याजवळ खरे उत्तर नव्हते. ते मी काढून घेतले होते.

आता उब्बस या शब्दाविषयी. शब्द कन्नड. आमची घराणी या गावात तीन-साडेतीनशे वर्षे नांदत आहेत आणि घरातल्या आमच्या मराठीला इतक्या काळात कन्नडचे अस्तर लागले आहे. कन्नड माणूस दम्याला उब्बस म्हणतो. माझ्या पत्नीला उब्बस होती. ती पाटावर बसून, दोन्ही तळहात गुडघ्यांवर टेकून श्वास ओढायची आणि तिच्या छातीतून, बंद दाराच्या फटीतून वारा यावा तसा बारीक सूर निघायचा. मी समोर वर्तमानपत्र धरून बसत असे. वाचत नसे. तो सूर ऐकू येतो आहे तोवर ती आहे, एवढेच मी जाणत असे. एका सकाळी तो सूर थांबला आणि क्षणभर मला वाटले की तिला बरे वाटू लागले.

परंतु हे नंतरचे, नात अजून अगदी लहान होती तेव्हाचे. मुलाच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा ती हयात होती आणि आत स्वयंपाकघरात बसली होती. मुलीकडची माणसे पुण्याची. मुलीचे मामा सावध गृहस्थ होते. कॉफीचा पेला खाली ठेवून त्यांनी विचारले, "घरात कोणाला दमा, साखर, असं काही?"

मी म्हणालो, "दमा हा शब्द या घरात आजवर कोणी उच्चारलेला नाही."

अक्षरशः खरे होते. मामांचे समाधान झाले. मंडळी गेल्यावर माझ्या भावांनी माझी पाठ थोपटली. उब्बस म्हणजे दमा नव्हे, ही आमच्या घरातील म्हण झाली. सून आणि नात जवळपास नसल्या की बारशांना, मुंजींना, हा किस्सा मला पुन्हा पुन्हा सांगायला लावत आणि मी तो रंगवून सांगत असे. प्रश्न विचारणाऱ्याने शब्द नीट निवडावेत, उत्तर देणाऱ्यावर ती जबाबदारी नाही, असे त्याचे तात्पर्यही मी काढत असे. पत्नी त्यावर कधी हसल्याचे मला आठवत नाही. तेव्हा ते माझ्या ध्यानात आले नव्हते.

नात तीन वर्षांची असताना तिच्या छातीतून तोच सूर आला. डॉक्टर म्हणाले, बालदमा आहे, वाढत्या वयात बहुधा जाईल. सून घाबरून रडू लागली. मी तिला जवळ बसवून शांत केले आणि सांगितले, "या घरात याला उब्बस म्हणतात. तो दुसरा शब्द मुलीच्या जातीला चिकटला की आयुष्यभर सुटत नाही." औषधाची वाफ घेण्याच्या मुखवट्याला आम्ही हत्तीची सोंड म्हणत असू. मुलगी सोंड लावून घरभर हत्तीसारखी डुलत फिरे. आठव्या वर्षापर्यंत ते सगळे थांबले. सोंड माळ्यावर गेली आणि शब्द तेवढा घरात राहिला, कामधंदा नसलेल्या पाहुण्यासारखा. मग जिने चढून आले की उब्बस, परीक्षा आली की उब्बस, मी संतापलो की उब्बस. तिच्या लेखी तो थट्टेचा शब्द होता. इंग्रजी फॉर्ममधल्या त्या रोगाशी त्याचे नाते आहे, हे तिला कोण सांगणार होते?

त्या बुधवारी मी सांगू शकलो असतो. सांगितले नाही. मी स्वतःशी असा युक्तिवाद केला: डॉक्टरने तपासणी केलेली नाही, ही त्रुटी स्वयंपूर्ण आहे. तेवढ्यावर कागद परत करता येतो. एका कारणाने दावा निकाली निघत असेल तर दुसरे कारण उघडण्याची गरज नसते. इतक्या वर्षांच्या नोकरीने मला भ्याडपणासाठी एवढी सुबक भाषा दिली होती. गुरुवारी तिने फॉर्म केंद्रात नेऊन दिला. शुक्रवारी मी शिवाजीनगरला गेलो.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. डॉक्टर माझ्याच वयाचे, आदराने बोलणारे. संभाषण कन्नडमध्ये झाले. मी ते येथे जसेच्या तसे मराठीत देतो.

"तुमची नात ना सार्? आठवते. दोन जिने चढून हसत हसत आली. जी अशी येते तिला काय तपासायचं?"

"कान तपासायचे. फॉर्ममध्ये लिहिले आहे."

"मी विचारलं, तिने उत्तर दिलं. म्हणजे कान चालतात."

"फुंकण्याची चाचणी?"

"ते यंत्र इथे नाही सार्. स्वल्प समजून घ्या. ही सगळी परदेशी फॉर्मची हौस आहे."

"आणि छाती? छातीला नळी लावायला कोणते यंत्र लागते?"

त्यांनी फॉर्मची त्यांच्याकडची नक्कल काढली आणि पहिल्या पानावर बोट ठेवले. "हे तिने स्वतः लिहिलंय. दमा, नाही. माणूस निरोगी म्हणतो, मी निरोगी लिहितो. आता पेशंटच खोटं बोलला तर त्याला मी काय करणार?"

"माझी नात खोटे बोलत नाही."

"मग अडचण काय आहे सार्?"

आयुष्यात इतक्या वकिलांना उत्तरे देताना पाहिले, पण असे कोंडीत पकडणारे वाक्य क्वचित ऐकले. मी जिने उतरलो. खाली मंडईची गर्दी होती, कोणीतरी मोसंब्यांचा भाव ओरडत होते, आणि मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

रविवारी मी तिच्याबरोबर व्हाइटफील्डला गेलो. "अज्जा येतायत माझा सराव बघायला," असे ती फोनवर कौतुकाने सांगत होती. केंद्राने एका मोठ्या निवासी संकुलातला खोल तलाव भाड्याने घेतला होता. माघातली सकाळ; उन्हात उभे राहावेसे वाटत होते आणि पाण्याकडे पाहून अंगावर काटा येत होता. आठ शिकाऊ होते. पाठीवर टाकी, तोंडात नळी. माझी नात एक लांब पाऊल टाकून पाण्यात गेली आणि मला तिच्या जागी फक्त बुडबुडे दिसू लागले.

मी ते मोजू लागलो. बुडबुडे येत होते तोवर ती होती. हे मी आधीही केले होते, समोर वर्तमानपत्र धरून.

मुख्य प्रशिक्षक काठावर उभा होता. नागपूरचा, तिशीतला, मोकळा मनुष्य. नोकरीसाठी या गावात आलेला आणि मराठी बोलायला मिळाल्याने खुश. "काका, बसा ना. उगाच घाबरून राहिले तुम्ही. मस्त करते तुमची पोरगी."

मी त्याला म्हणालो, "एक शंका आहे. समजा, एखाद्याला दमा असला, किंवा लहानपणी होऊन गेला असला. तर?"

तो शिकवण्याच्या उत्साहाने माझ्याकडे वळला. "बघा काका, खाली पाण्याचा दाब असतो, तिथं आपण दाबलेली हवा घेतो. वर येताना दाब कमी होतो, हवा फुगते. छातीतल्या नळ्या मोकळ्या असल्या तर जास्तीची हवा आपोआप निघून जाते. पण एखादी नळी आकसली, कफाने बंद झाली, तर ती हवा जाईल कुठं? फुफ्फुस फाटतं. तिथून हवा रक्तात, रक्तातून डोक्यात. माणूस वर येतो आणि बोटीवर घेईस्तोवर बोलणं बंद झालेलं असतं कधीकधी." मग समजावणीच्या सुरात तो म्हणाला, "म्हणून तर तो प्रश्न आहे ना फॉर्मवर."

"हे तुम्ही शिकवता?"

"तिसऱ्या धड्यातच."

"आणि तपासता?"

"ते डॉक्टरचं काम ना काका."

बुडबुड्यांची जागा सरकली आणि माझी नात काठाजवळ वर आली. तोंडातली नळी काढून तिने काठ धरला आणि खोकू लागली. एक खोकला, दुसरा, मग न थांबणारे खोकले. आणि दोन खोकल्यांच्या मध्ये, श्वास आत ओढताना, मी तो सूर ऐकला. बंद दाराच्या फटीतून येणारा वारा. मी तो सोळा वर्षे ऐकला नव्हता आणि तो दुसऱ्या कशाचा असूच शकत नव्हता.

"थंड पाण्यानं होतं असं," प्रशिक्षक म्हणाला.

तिने वर माझ्याकडे पाहिले, डोळ्यांतले पाणी पुसले आणि हसत म्हणाली, "उब्बस आली बघा, अज्जा!"

"काय आली?" प्रशिक्षकाने विचारले.

"काही नाही सर, घरचा शब्द आहे आमचा."

"म्हणजे काय, काका?"

तो खरोखर कुतूहलाने विचारत होता. तीन दिवसांनी तो तिला समुद्रात उतरवणार होता आणि मला त्या एका शब्दाचा अर्थ विचारत होता. मी म्हणालो, "धाप."

हे माझे दुसरे निर्दोष उत्तर. पहिल्याच्या वेळी मला अभिमान वाटला होता. या वेळी मी हात खिशात घातले.

परतीच्या मेट्रोत आम्हाला शेजारी जागा मिळाली. तिचे केस ओले होते. भोवती गर्दी होती, पण या गावात मराठी ही आमची खासगी खोलीच आहे. तिच्यात बसून काहीही बोलता येते. तरी मला चार-पाच स्थानके लागली.

"अक्का, उब्बस म्हणजे दमा."

"काय?"

"दमा. फॉर्मवरचा. तुझ्या अज्जीला होता. तुलाही होता, आठव्या वर्षापर्यंत. हत्तीची सोंड त्याचीच होती."

ती हसली, कारण हा विनोदाचा पुढचा भाग असावा असे तिला वाटले. मग हसू थांबले. "मला सर्दी व्हायची. तुम्ही सगळे सर्दी म्हणायचात."

"आम्ही उब्बस म्हणायचो."

"मग मी जे 'नाही' लिहिलं, ते..."

"तू खरे लिहिलेस. शब्द खोटा होता. तो मी दिला."

तिने ओले केस मागे बांधले. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला बुधवारी कळलं होतं. चटणीच्या वाटीजवळ. आज रविवार आहे, अज्जा. मी आत्ता तळाशी बसून आले." तिने हात छातीवर ठेवला होता. ती घाबरली होती. तिला घाबरलेली मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. उठून तिला धरावेसे वाटले आणि ते मला जमले नाही.

माझा मुलगा कामानिमित्त परगावी असतो, म्हणून घरी तिने आईला विचारले. सून पदराला हात पुसत बाहेर आली. "मामंजींनी पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं, तो शब्द काढायचा नाही. आणि मला वाटलं गं, एवढा मोठा कोर्स आहे, डॉक्टर तपासतील, तेव्हा कळेलच की."

डॉक्टरला वाटले, मुलगी सांगेल. प्रशिक्षकाला वाटले, डॉक्टर तपासेल. आईला वाटले, कळेलच. आणि ज्याला काही वाटण्याचा प्रश्न नव्हता, ज्याला पक्के ठाऊक होते, तो शब्दार्थ सांभाळत बसला होता.

सोमवारी ती एकटीच केंद्रात गेली. तिने आपला फॉर्म मागून घेतला, 'नाही' एका रेघेने खोडले, वर 'होय' लिहिले आणि बाजूला सही केली. खाडाखोड गिरवायची नाही, खोडून शेजारी सही करायची, हे मीच तिला शाळेत असताना शिकवले होते. प्रशिक्षकाचा चेहरा उतरला. त्याने आधी, खोटे का लिहिलेस, असे विचारले. मग आवाज खाली आणून, सद्भावनेनेच, मी तर म्हणेन वात्सल्याने, तिच्यापुढे दुसरा कोरा फॉर्म सरकवला. "हा भर नव्यानं. लहानपणीचं कोण विचारते? तलावात मस्त केलंस तू." तो कोरा फॉर्म ती घरी घेऊन आली. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "हे घ्या. तुमच्या फायलीला."

तिने केंद्राची फाइल उघडी पाहिली होती. इतर सात जणांचे फॉर्म त्यात होते. सातही जणांच्या मागच्या पानावर तीच तिरकी रेघ होती.

मंगळवारी छातीच्या एका तज्ज्ञाकडे तिची तपासणी झाली. आधी नळीत फुंकायला लावले, मग पट्ट्यावर धावायला, मग पुन्हा फुंकायला. मी बाहेरच्या बाकावर होतो. दार पूर्ण लागलेले नव्हते. कागदावर दोन रेघा आल्या. धावण्यापूर्वीची रेघ डोंगरासारखी उभी चढली होती आणि नंतरची मध्येच वाकली होती. तज्ज्ञाने आम्ही नेलेल्या त्या कोऱ्या फॉर्मचे मागचे पान भरले. प्रत्येक रकाना, एकेक करून. शेवटी लिहिले: तूर्त अपात्र, उपचारानंतर फेरतपासणी. 'तूर्त' या शब्दावर त्याने बोट टेकवून तिला दाखवले. तो आजार तिच्यात कधी झोपला होता, कधी गेलाच नव्हता, ते सांगता येत नाही, असे तो म्हणाला. तलावात काही झाले नाही हे नशीब, असेही म्हणाला. तपासणीअंती नशीब हा शेरा मी प्रथमच ऐकला.

बुधवारी सातजण किनाऱ्यावर गेले. त्या दिवसांत मी तिचा फोन वाजला की तिच्या तोंडाकडे पाहत असे. रविवारी बोटीवरचे छायाचित्र आले. तिने मोजले, मीही मोजले. सात. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची चीड आली, कारण सुखरूप परत येणे ही तपासणी नव्हे. पुढची तुकडी पुढच्या महिन्यात जाणार आहे.

नातीने आठवडाभर मला अज्जा म्हटले नाही. नळीतून औषध घेते, सकाळी चालायला जाते, जेवताना मला वाढते, पण हाक मारत नाही. मी डॉक्टरला आणि केंद्राला नोंदणीकृत पत्रांचे मसुदे तयार केले आणि ते वाचून दाखवू का, असे तिला विचारले.

तिने मसुदे वाचले. "सगळ्यांकडून जाहीर उत्तर मागितलंय तुम्ही," ती म्हणाली. "तुमचं कुठं आहे?"

"माझे कोणते?"

"अज्जा," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी ती हाक ऐकून मला पुढचे शब्द नीट ऐकू येईनात, "आधी तुमचं उत्तर लिहा. नुसती खाली सही नको, रकान्यात लिहा. मग त्यांचं मागा."

सबब हे लेखन. माझा रकाना मी भरला आहे: होय, दमा. माझ्या पत्नीला होता, माझ्या नातीला आहे, आणि तो शब्द मी सत्तावीस वर्षे दडवला. पुण्याच्या त्या मामांनाही हे आजच कळते आहे. त्यांची क्षमा मी स्वतंत्रपणे मागेन.

आता शिवाजीनगरचे डॉक्टर, व्हाइटफील्डचे प्रशिक्षक आणि समोर न आलेले मालक यांना माझा एकच प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्यांनी मला खासगीत, फोनवर अथवा कॉफी पाजून देऊ नये. जेथे पुढच्या तुकडीच्या आईबापांना वाचता येईल अशा जागी, सहीसह द्यावे. त्या सात मुलांपैकी किती जणांच्या छातीला तुम्ही नळी लावली, आणि पुढच्या महिन्यात पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या छातीला कोण लावणार आहे? मागच्या पानावर रेघ ओढू नका. रकाना भरा.